भूत एकदाच हाक मारतं

सुले, मरायला तुला नाताळाचाच आठवडा सापडला? पावसाळ्यात आमच्या तारकर्लीत कुत्रंसुद्धा फिरकत नाही, माझ्या खोल्यांना बुरशी येते, तेव्हा मेली असतीस तर निवांत बसून रडले असते. पण नाही. सगळ्या खोल्या भरलेल्या, अंगणात पुण्याची पोरं ओले टॉवेल वाळत घालतायत, मी घावण्यांचं पीठ ढवळतेय, आणि तू मागच्या खोलीत मरून पडलेली. एका पाहुणीने मला डोळे पुसताना पाहिलं, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "काकू, नाश्ता होईल ना पण?" मी घावणे घातले. रडत रडत घातले. मीठ घालायचं विसरले होते, पण कोणी काही बोललं नाही.

बारावं झालं. तुझ्या पुतण्याने सगळं नीट केलं, तेवढं मानायला हवं. आता घर रिकामं आहे आणि आपलं भांडण अर्धंच राहिलंय, म्हणून हे लिहायला बसले. लिहायला लागले की माझी भाषा शाळेतली होते, आपलं मालवणी कागदावर येतच नाही, त्यावर तू हसशील. हस. पण भांडण मी पुरं करणार आहे. भूत एकदाच हाक मारतं, सुले. तीनदा नाही. हे मी तुला उभ्या आयुष्यात सांगत आले आणि तू शेवटपर्यंत ऐकलं नाहीस.

तुला हे ठाऊक नव्हतं असं तर अजिबात नाही. तुझं घर खाडीपलीकडे, माझं अलीकडे, मधे हसनचाचाची होडी. शाळा, दुकान, सगळं आमच्या बाजूला, म्हणून तुझा अर्धा जन्म त्या होडीची वाट बघण्यात गेला. पलीकडून आधी लांब आरोळी मारायची, कुकारो घालायचा, मग नाव घ्यायचं. दिवसा ठीक. पण तिन्हीसांज झाली की पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्याही नाही. तिसरी हाक आली की मग ओ. का, तर भूत एकदाच हाक मारतं. हसनचाचा सांगायचे, "भुताक कसली घाई? माणसाक गरज आसता, तो परत परत हाक मारता." आणि तू? एका दमात "चाचा चाचा चाचा" करून मोकळी व्हायचीस. चाचा म्हणायचे, ही एकच झाली. बसवून ठेवायचे तुला पलीकडच्या दगडावर. मग तू रागाने शिकलीस. हाक, मग थांबायचं, मग हाक, मग थांबायचं, मग हाक. काय आवाज होता गो तुझा! आमच्या म्हशी माना वर करायच्या.

तू मुंबईला गेलीस औषधाच्या गोळ्या डबीत भरायला. घरी तसंच सांगितलं होतंस आणि सुरुवातीला ते खरंही होतं. मग कोणा माणसाने तुझे गुडघ्यापर्यंतचे केस बघितले आणि तुला सिनेमात घेतली. चेहरा नको होता त्याला, केस हवे होते. पहिल्या सिनेमात तू आहेस की खराटा आहे तेसुद्धा कळत नाही. नाव दिलं मिस डिंपी. डिंपी! गालाला खळी तरी होती का तुझ्या? मी विचारलं तर म्हणालीस, "तेंनी ठेवला, मी काय करू." हे तुझं सगळ्याला उत्तर. त्यांनी ठेवलं, त्यांनी सांगितलं, त्यांनी घातलं.

तुझ्या सिनेमांची नावं मी इथं लिहीत नाही. प्यासी, खूनी, हवेली, रात, याच शब्दांची आलटापालट करून तुमच्या त्या लोकांनी किती वर्षं काढली देव जाणे. गोष्ट एकच. गाडी बंद पडते, पाऊस येतो, हवेलीत तू. आणि माणूस मारायच्या आधी तू आंघोळ करणार. प्रत्येक सिनेमात! पांढरी साडी नेसून, धबधब्याखाली नाहीतर विहिरीवर. मी तुला मालवणच्या बूथवरून फोन करून विचारलं होतं, बाहेर माणसं खोळंबलेली, "गो, भुताक न्हांवची काय गरज?" तू शांतपणे म्हणालीस, "भुताक नाय गो, बघणाऱ्यांक आसा."

मी हसले तेव्हा. हसायचं नव्हतं, पण हसले. बूथवाल्याला वाटलं काही आनंदाची बातमी आहे.

आणि ते आगळ! मी दर वर्षी तुला कोकमाचं आगळ पाठवायची, घट्ट, मीठ घालून, मुंबईत पोरगी सोलकढी तरी पिईल म्हणून. एस.टी.तून कोणाच्या तरी हातापाया पडून बाटल्या पाठवल्या. नंतर कळलं की ते तू मेकअपवाल्याला दिलंस. त्यांचा लाल रंग डोळ्यांत झोंबायचा, म्हणून तुझ्या ओठांतून ओघळणारं रक्त म्हणजे माझ्या घरचं आगळ. शिरा पडो तुझ्या तोंडार! मी जिवाचा आटापिटा करून कोकमं फोडतेय आणि तू ती पडद्यावर ओकतेयस. वर म्हणालीस, "चव बरी होती. बाकीच्या भुतांपेक्षा माझा बरा चललेला."

तुझ्या तोंडी जी हिंदी होती ती तुझी नव्हतीच. तुझी हिंदी ऐकून हिरो हसायचा, म्हणून वाक्यं दुसऱ्याच बाईच्या आवाजात भरली. म्हणजे केस तुझे, रक्त माझं, भाषा तिसरीची. फक्त हाक तुझी. ती काही त्या बाईला जमली नाही. "राऽऽज", म्हणजे आपला खाडीवरचा कुकारोच, फक्त चाचाच्या जागी राज. आणि इथंच तू माती खाल्लीस. हवेलीत भूत हिरोला बोलावतंय, आणि ते भूत तीनदा हाक मारतंय! थांबून थांबून! राज. राज. राज. अगं, आपल्याकडचं शेंबडं पोर सांगेल की ती बाई भूत नाही, तिला होडी हवीय.

मी तुला विचारलं, तीनदा का? म्हणालीस, दिग्दर्शकाने सांगितलं. दुसऱ्यांदा विचारलं, म्हणालीस, संगीत बसत होतं. मग म्हणालीस, सवय. पुढच्या सिनेमात एकदाच मार, म्हटलं. पुढच्यात तीनदा. त्याच्या पुढच्यात तीनदा. डाकूरानी झालीस, जंगलची राणी झालीस, वय झाल्यावर भुताची आई झालीस, सगळीकडे तीनदा. एका दिग्दर्शकाने म्हणे कापायला सांगितली, तर तू अडून बसलीस. आयुष्यात कशाला अडली नाहीस, न धबधब्याला, न डिंपीला. अडलीस ती हाकेवर. मी म्हटलं, बाई वेडी आहे.

आणि गाव. गावाचं काय सांगू तुला, तुला माहीतच होतं. पोस्टर लागलं की पुरुष कुडाळला "बँकेच्या कामाला" जायचे. एवढी बँकेची कामं आमच्या गावाला कधीच नव्हती. एकाच खेळाला शेजारीपाजारी बसायचे आणि दिवे लागले की एकमेकांना ओळखायचे नाहीत. परत येऊन तुझ्या आईच्या दारावरून जाताना खाली बघायचे. त्यातून त्या थेटरवाल्यांनी मधेच कुठले कुठले तुकडे जोडले, भलत्याच बाईचे, डोकं नसलेले, आणि गावाने ते तुझ्या नावावर टाकले. तू मला फोनवर म्हणालीस, "ते पाय माझे नाय, शालन. माझ्या पायाक कालवाचो वण आसा." होताच. खडकावर कालवं फोडताना कापलेला, मीच हळद दाबली होती. मी म्हटलं, मग सांग ना गावात! तर म्हणालीस, "कोणी इचारल्यान तर सांगान." कोणी विचारलं नाही. आणि तू सांगितलं नाहीस. मी सांगत सुटले तर बायका म्हणायच्या, "जावंदे गो, तुका काय करूचा आसा." या एका गोष्टीवरून मी तुझ्यावर जेवढी चिडले तेवढी माझ्या नवऱ्यावरही कधी चिडले नसेन, आणि तो तर चिडण्यासारखाच माणूस होता.

परत आलीस तेव्हा केस पांढरे झालेले, तरी तेवढेच लांब. म्हणालीस, चार दिवस राहते. माझी मागची खोली घेतलीस ती घेतलीसच. आल्या दिवसापासून माझ्या घरात सत्ता तुझी. डॉक्टरांनी मीठ बंद केलं तर सुका बांगडा उशीखाली. उशीखाली! मांजरं रात्रंदिवस खोलीत. कोळंबी सोलायला बसताना लिपस्टिक लावून बसायचीस. मी म्हणायची, कोळंबी बघतेय का तुला? तू म्हणायचीस, "कोण खंयसून येयत काय सांगूचा." आणि आली की गो ती पोरं! मुंबईची दोन पोरं नाश्त्याला बसली होती, त्यातला एक घावणा तोंडाशी धरून तसाच थांबला. "तुम्ही... मिस डिंपी?" मी बघितलं तर तू उठून आत गेलेली. मला वाटलं लाजली. पाच मिनिटांनी बाहेर आलीस ती केस मोकळे सोडून. पांढरे, गुडघ्यापर्यंत. त्या पोराने हात जोडले. त्याने तुला हाक मारून दाखवायला सांगितली आणि तू मारलीस, खाडीकडे तोंड करून, अगदी तशीच. तीनदा. त्या दिवशी तू सुंदर दिसत होतीस. तेव्हा मी फक्त म्हटलं, "घावणो थंड होता हां."

बांद्याची गोष्ट मी तुला त्याच दिवशी सांगितली. इतकी वर्षं कशी राहिली कोणास ठाऊक, मला ती नुसती गंमत वाटायची. बांद्याला माझ्या चुलत नणंदेचं लग्न होतं. दुपारी पुरुष मांडवाच्या कामाला गेलेले, आणि घरात भाड्याने आणलेला व्हिडिओ. बायकांना गादीखाली एक कॅसेट सापडली, वर लिहिलेलं "मुंज". कोणाची मुंज बघावी म्हणून लावली, तर तू! आंघोळ करत होतीस. अर्ध्या बायका "अगो बाय" करून उठल्या आणि दाराला कडी लावून परत बसल्या. मग हवेलीत अंधार झाला आणि तुझी हाक आली. आमची एक म्हातारी मावशी होती, कडेला लसूण सोलत बसलेली. पहिल्या हाकेला तिने सगळ्यांना दटावलं, "कोणी ओ देव नकात!" दुसऱ्या हाकेला पण हात वर करून गप्प बसवलं. आणि तिसरी हाक आल्याबरोबर लसूण खाली टाकून उठली, "ओ गो बाये! इलंय, थांब!" आले आले म्हणत दाराकडे निघाली ती. आम्ही हसून हसून लोळलो.

मी ही गोष्ट हसत सांगत होते आणि तू हसत नव्हतीस. तुझ्या हातात कोळंबी तशीच राहिली.

"कोणी ओ दिल्यान?" विचारलंस.

म्हटलं, मावशीने. बांद्याच्या. आता नाही ती.

"तिसऱ्याच हाकेक?"

"तिसऱ्याच."

"परत सांग."

परत सांगितली. संध्याकाळी परत सांगायला लावलीस. नंतर तर नादच लागला तुला, दर दोन दिवसांनी "ती बांद्याची सांग गो". मी वैतागायची. म्हणायची, तुझ्या सिनेमातसुद्धा एवढ्या वेळा तेच तेच नसायचं. पण प्रत्येक वेळी तू "इलंय, थांब" या शब्दांना डोळे मिटायचीस, आणि मी मठ्ठ नाही, सुले. कळलं मला. त्या हवेलीत, त्या ओल्या साडीत, परक्या बाईच्या भाषेत बोलताना तू आपल्या माणसांना सांगत होतीस की ही मी आहे, भूत नाही, माणूस आहे, पलीकडे अडकलेय. कोणीतरी ओळखा. कोणीतरी ओ द्या. अगं, मग एवढंच होतं तर तोंडाने सांगायचंस ना! दिग्दर्शक काय, संगीत काय! मी तुझ्याशी भुताच्या रीतीवरून भांडत बसले आणि तू मला भांडू दिलंस.

हे मी तुला विचारणार होते. "म्हणान काय गो तीनदा?" असं तोंडावर विचारणार होते. पाहुणे गेले की विचारू, म्हटलं. त्या सकाळी चहा घेऊन आले. दारातून हाक मारली. तू मांजराला कुशीत घेऊन भिंतीकडे तोंड करून. दुसरी मारली. मग थांबून तिसरी. मी तर रीतीप्रमाणे मारली होती सगळी. माणसासारखी.

चहा तिथेच ठेवून मी घावणे घालायला गेले ते असं.

आता सभेचं ऐक. शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली आपल्या बाबलने. बाबल म्हणजे तोच, चौथीत तुझ्या वेणीला खेकडा लावलेला, आता गावच्या मंडळाचा अध्यक्ष. फ्लेक्स छापला होता. त्यावर तुझा आधारकार्डाचा फोटो, केस घट्ट बांधलेले, आणि खाली काय, तर "ज्येष्ठ समाजसेविका". मी विचारलं, मेल्या, कसली सेवा केली हिने? तर म्हणाला, "असा लिवतत गो. मगे काय लिवू?" आणि मला बाजूला घेऊन म्हणतो, "तुका बोलूचा आसा तर बोल, पण मोघम बोल हां, शालन. गाव जमलेला आसा."

माइक हातात आला की बाबल शुद्ध बोलतो. "सुलभाताईंनी मुंबईत राहून कलेच्या क्षेत्रात बहुमोल असं कार्य केलं." कार्य! जसं काही तू रक्तदान शिबिरं घेत होतीस. सगळा हॉल माना खाली घालून सतरंजी बघत बसलेला. तुझ्या आईच्या दारावरून जायचे तसेच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. उठले, माइक घेतला. मोघम बोलायचं ना? मोघमच बोलले. म्हटलं, "सुलू माझी मैत्रीण. तिने सिनेमात काम केलं. तिचा सिनेमा कोणी बघितला नाही हे मला माहीत आहे, म्हणून मी सांगते. त्यात एक भूत असतं. ते भूत हवेलीतून हाक मारतं, दोनदा."

आणि गप्प राहिले.

सुले, आपल्या गावाला काय वाट्टेल ते सहन होतं, पण दुसऱ्याने चुकीचं सांगितलेलं सहन होत नाही. आधी मागच्या रांगेत चुळबुळ झाली. मी परत म्हटलं, "दोनदा." तसा एक म्हातारा न राहवून ओरडला, "दोनदा खंयचा? तीनदा!" लगेच दुसरा, "तीनदाच, राज राज राज!" बायकांतून आवाज आला, "आणि थांबान थांबान!" मग तर सगळा हॉलच मला दुरुस्त करायला लागला, कोण म्हणे विहिरीवर, कोण म्हणे नाही धबधब्याखाली, आणि माझ्या शेजारी उभा असलेला अध्यक्ष, माइक नाही हे विसरून, मोठ्याने म्हणाला, "शालन, तीनदा गो! प्रत्येक पिक्चरात तीनदा!"

मग सगळ्यांना एकदमच कळलं की आपण काय बोललो. इतकी शांतता झाली की वेगळी दोन मिनिटं उभं राहायची गरजच उरली नाही.

सतरंज्या गोळा करताना मी बाबलला धरला. म्हटलं, तीनदा ऐकलंस ना? तिन्हीसांजेला तीनदा हाक मारली तर कोण असतं? म्हणाला, "माणूस." म्हटलं, "मगे ओ कित्याक दिलंस नाय?" त्याने सतरंजीची घडी घातली. म्हणाला, "थेटरात ओ देतत काय गो?" एरवी मी त्याला सोडला नसता. पण त्याचे डोळे भरले होते, आणि त्याचंही बरोबर होतं, थेटरात कोणी ओ देत नाही. देणारी एक बांद्याची मावशी होती, ती गेली. दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवरच्या "समाजसेविका" वर त्याने पांढरा कागद चिकटवला आणि हाताने "सिनेनटी" लिहिलं. नटीचा न जरा मोठा झालाय. तू असतीस तर त्यावरूनही काही बोलली असतीस.

तर हे असं आहे. मागच्या खोलीत मांजरं अजून येऊन बसतात. उशीखालचा बांगडा मी त्यांना दिला. काल संध्याकाळी भांडी घासताना खाडीकडून काहीतरी आवाज आला, वारा असेल नाहीतर कोणाचं पोर. मी हात थांबवून दुसऱ्या हाकेची वाट बघत बसले. लहानपणापासूनची सवय, तिसरीपर्यंत थांबायचं. आली नाही दुसरी. बराच वेळ बसले. आणि मग माझ्याच लक्षात आलं, अगं, आता कुठली दुसरी आणि कुठली तिसरी. आता तू खरंखुरं भूत झालीस की! आता रीतीप्रमाणे तुला एकच हाक.

म्हणून सांगते, आयुष्यभर माझं ऐकलं नाहीस, आता ऐक. तीनदा मारायचा खटाटोप करू नकोस. एकदाच मार. माका तुझो आवाज कळता. लोक काय म्हणायचं ते म्हणोत, रीत गेली खड्ड्यात. मी पहिल्याच हाकेक ओ देतलंय.